सुरुवातीचे अमेरिकन कार्टूनपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे साधारण १९०६ ते १९४० या काळातल्या अमेरिकन लघु कार्टूनपटांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. गर्टी, फेलिक्स, मिकी, बेटी बूप, पॉपाय, बग्ज बनी ही यातली ठळक मंडळी. ही पात्रं अशी गोल, काळी, रबरासारखी का, हे कळायचं असेल तर पडद्याआधी ती काढणाऱ्यांच्या टेबलाकडे बघावं लागतं. म्हणून उत्तरांत कागद, शाई, खिळे आणि फ्रेमचे हिशेब बरेच येतील.

अमेरिकेतलं पहिलं कार्टून कोणतं?

जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांचा १९०६ मधला ‘ह्यूमरस फेझेस ऑफ फनी फेसेस’ हा व्हिटाग्राफ कंपनीचा जेमतेम तीन मिनिटांचा चित्रपट बहुतेक इतिहासकार पहिला धरतात. त्यातलं बरंचसं काम फळ्यावर खडूने केलेलं आहे. थोडं पुसायचं, थोडं काढायचं, एक फ्रेम म्हणजे फिल्मवरचं एक चित्र घ्यायचं, अशी ती पद्धत होती. काही भागात कापलेल्या कागदी आकृत्या सरकवल्या आहेत. कागदावर हजारो सुटी चित्रं काढून हालचाल उभी करण्याचं काम मात्र विन्सर मॅके यांनी १९११ मध्ये ‘लिटल नीमो’च्या वेळी केलं. त्यासाठी त्यांनी सुमारे ४,००० चित्रं काढली.

मग ‘गर्टी द डायनोसॉर’ला इतकं महत्त्व का?

कारण गर्टीला स्वभाव आहे. ती लाजते, हट्ट करते, रागावलं की रडते. तिच्याआधीच्या आकृत्या हलत होत्या. गर्टी विचार करून वागते असं वाटतं.

मॅके यांचा हा चित्रपट १९१४ च्या फेब्रुवारीत शिकागोतल्या पॅलेस थिएटरमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, तोही रंगमंचावरच्या एका खेळाचा भाग म्हणून. मॅके स्वतः हातात चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभे राहत आणि गर्टीला हुकूम सोडत. ते तिच्याकडे फळ फेकल्याचा आविर्भाव करत, ते फळ हातातल्या हातात लपवत, आणि त्याच क्षणी पडद्यावरची गर्टी ते तोंडात झेलत असे. हे जुळण्यासाठी चित्रांची वेळ आधीच मोजलेली असावी लागे. गर्टीचा श्वास किती फ्रेममध्ये आत-बाहेर व्हावा हे मॅके यांनी स्वतःच्या श्वासाला घड्याळ लावून ठरवलं होतं.

हजारो चित्रं पातळ राइस पेपरवर आहेत. पारदर्शक सेल (चित्र काढायचा सेल्युलॉइडचा पत्रा) तेव्हा वापरात नव्हता, त्यामुळे मागचे डोंगर, झाड आणि पाणी प्रत्येक कागदावर पुन्हा गिरवावं लागलं. ते काम जॉन फिट्झसिमन्स या तरुण मदतनिसाने केलं. चित्रपट बघताना मागचे दगड किंचित थरथरतात ते याचमुळे. एकच रेघ हजारो वेळा काढली की ती तंतोतंत त्याच जागी पडत नाही. कागद एकावर एक नीट बसावेत म्हणून कोपऱ्यांत फुल्या केलेल्या असत. मॅके आधी मुख्य स्थिती काढत आणि मधली चित्रं नंतर भरत. आजही शिकवताना हीच रीत सांगितली जाते.

एकट्या माणसाचं हे काम स्टुडिओपर्यंत कसं गेलं?

तीन-चार साध्या युक्त्यांमुळे. राउल बारे यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात १९१४ च्या सुमारास स्टुडिओ काढला आणि टेबलावर खिळे म्हणजे पेग बसवले. कागदाला भोकं पाडून तो पेगवर अडकवला की प्रत्येक चित्र त्याच जागी बसतं. फुल्या जुळवण्याचा त्रास संपला. त्यांची दुसरी युक्ती कागद फाडण्याची होती. पात्राचं स्थिर अंग एका कागदावर ठेवायचं, हलणारा हात दुसऱ्यावर, आणि वरच्या कागदाचा नको असलेला भाग फाडून टाकायचा.

जॉन ब्रे यांनी पार्श्वभूमी छापून घेण्यापासून अनेक पद्धतींची पेटंटं घेतली. पण ज्याने धंदा खरा बदलला तो पारदर्शक सेल अर्ल हर्ड यांचा. त्यांचं पेटंट १९१४-१५ चं. दोघांनी मिळून ब्रे-हर्ड प्रोसेस कंपनी काढली आणि १९३२ मध्ये हक्क संपेपर्यंत इतर स्टुडिओंकडून परवान्याचे पैसे घेतले. काही स्टुडिओ सेल सोडून बराच काळ कागदावरच का राहिले, याचं एक उत्तर या परवान्यात आहे.

सात मिनिटांच्या कार्टूनला किती चित्रं लागतात?

बोलपटाचा वेग सेकंदाला २४ फ्रेम. ७ मिनिटांचे ४२० सेकंद, म्हणजे १०,०८० फ्रेम. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणून मिनिटाला ९० फूट आणि सात मिनिटांना ६३० फूट फिल्म लागते. एका रिळात १,००० फूट, म्हणजे सुमारे ११ मिनिटं मावतात. त्यामुळे हे सगळे चित्रपट एका रिळात बसणारे.

प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर एका पात्राची ५,०४० चित्रं होतात. पात्रं वाढली की आकडा वाढतो, आणि चालणं किंवा नाचणं पुन्हा वापरलं की कमी होतो. जुन्या कार्टूनमध्ये पात्र त्याच तीन खिडक्यांसमोरून पुन्हा पुन्हा पळताना दिसतं ना, ते हा खर्च वाचवण्यासाठी. पळण्याची सहा-आठ चित्रं आणि टोकं जुळणारी एक लांब पार्श्वभूमी एवढ्यावर अर्ध्या मिनिटाचा पाठलाग निघतो.

सेलवर नेमकं काम कसं चालायचं?

सेल म्हणजे सेल्युलॉइडचा पातळ पारदर्शक पत्रा. कागदावरचं पेन्सिलीचं चित्र खाली ठेवून त्याची रेघ सेलच्या पुढच्या बाजूवर टाकाने शाईत गिरवायची. शाई वाळली की सेल उलटायचा आणि मागच्या बाजूने रंग भरायचा. मागून भरल्यामुळे ब्रशचे फटकारे पुढून दिसत नाहीत, आणि रंग रेघेखाली थोडा पसरला तरी चालतं. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हातात सुती मोजे असत. डिस्नेच्या स्टुडिओत हे काम जवळजवळ सगळं तरुण मुली करत, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं येत नसत. ज्या रेघेचं आपण कौतुक करतो ती शेवटी त्यांच्या हातची आहे, हे विसरू नये.

मग कॅमेऱ्याखाली आधी पार्श्वभूमी, तिच्यावर सेल, वरून काच दाबायची आणि दोन फ्रेम घ्यायच्या. नुसता हात हलत असेल तर शरीर खालच्या सेलवर आणि हात वरच्या. पण सेल पूर्ण पारदर्शक नसतो. प्रत्येक थर खालचा रंग थोडा मळकट करतो. चार-पाच थरांपलीकडे जाता येत नसे. एखाद्या दृश्यात मध्येच एक थर कमी झाला की पात्राचा रंग एकदम उजळ होऊन डोळ्याला खटके. म्हणून थरांची संख्या सारखी ठेवायला कोरे सेल घालत, आणि खालच्या थरासाठी रंगाची छटा मुद्दाम थोडी उजळ कालवत.

वापरलेले सेल बऱ्याचदा धुऊन पुन्हा वापरले जात. सुरुवातीच्या चित्रपटांचे मूळ सेल इतके दुर्मिळ आहेत ते यामुळे.

सगळी पात्रं काळी, गोल आणि चार बोटांची का?

काळं शरीर भरायला सोपं, आणि मळक्या, ओरखडे पडलेल्या प्रतीतही ते पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतं. फेलिक्स सुरुवातीला कोनाकोनांचा होता. पुढे बिल नोलन यांनी त्याला गोलवा दिला, कारण कोपरे प्रत्येक चित्रात सांभाळावे लागतात आणि वर्तुळ हाताला लवकर सापडतं. मिकीचे कान तर तो कुठेही वळला तरी गोलच राहतात. खऱ्या डोक्यावर ते अशक्य आहे, पण कागदावर आकृती ओळखायला तेवढं पुरतं.

हातापायांना कोपर-गुडघे नाहीत, नुसत्या नळ्या आहेत. सांधा नसला की कुठे वाकवायचं हा प्रश्नच येत नाही. एक बोट कमी केलं की हजारो चित्रांत ती रेघ वाचते, शिवाय लहान हातावर पाच बोटांची गर्दी होते. काळ्या अंगापुढे काळा हात आला की तो दिसेनासा होई. मिकीला १९२९ च्या ‘द ऑप्री हाउस’मध्ये पांढरे हातमोजे मिळाले आणि ती अडचण सुटली.

फेलिक्स द कॅट नक्की कोणाचा?

पडद्यावर नाव पॅट सलिव्हन यांचं, कारण स्टुडिओ त्यांचा. प्रत्यक्षात कथा, हालचाल आणि स्वभाव घडवला तो ऑटो मेस्मर यांनी, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. हा बोका १९१९ च्या ‘फिलाइन फॉलीज’मध्ये ‘मास्टर टॉम’ म्हणून आला आणि फेलिक्स हे नाव त्याला नंतर मिळालं. १९२८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणीच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा कॅमेऱ्यासमोर त्याची बाहुली फिरत ठेवली होती.

‘स्टीमबोट विली’ हे पहिलं बोलकं कार्टून आहे ना?

नाही. फ्लायशर बंधूंनी १९२४ पासूनच काही गाण्यांच्या कार्टूनना आवाज जोडला होता, आणि पॉल टेरी यांचा ‘डिनर टाइम’ही ‘विली’च्या आधी पडद्यावर आला. एवढंच काय, मिकीचाही तो पहिला चित्रपट नव्हे. ‘प्लेन क्रेझी’ आणि ‘द गॅलपिन गाउचो’ आधीच तयार होते, पण मूक असल्यामुळे त्यांना वितरक मिळाला नव्हता. १९२८ मध्येच ओस्वाल्ड या सशाचे हक्क वितरकाकडेच राहिल्याने डिस्ने यांच्या हातून गेले होते, त्यामुळे मिकीवर बरंच काही अवलंबून होतं. ही सुरुवातीची बहुतेक चित्रं डिस्ने यांचे सहकारी अब आयवर्क्स यांच्या हातची आहेत.

‘विली’चं वेगळेपण असं की त्यात संगीत नंतर चिकटवलेलं नाही, चित्रं काढायच्या आधी ताल ठरला होता. डिस्नेच्या स्टुडिओतल्या विल्फ्रेड जॅक्सन यांची आई पियानो शिकवायची, त्यामुळे त्यांना मेट्रोनोम, म्हणजे ठोके देऊन ताल दाखवणारं यंत्र, माहीत होतं. फिल्म २४ फ्रेमच्या ठरलेल्या वेगाने धावणार असेल तर ताल फ्रेममध्ये मोजता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. दर १२ फ्रेमला एक ठोका म्हणजे मिनिटाला १२० ठोके. दर ८ फ्रेमला ठोका धरला की १८०. मग कागदावर मात्रांच्या रांगेखाली कोणत्या फ्रेमला पाय आपटायचा, कोणत्या फ्रेमला शिटी वाजवायची हे लिहून ठेवता येतं.

तरीही ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न फसला. वादकांना पडद्यावरच्या खुणेशी ताल राखता येईना. डिस्ने यांनी आपली गाडी विकून दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे उभे केले. या वेळी वादक कमी घेतले, वेग दाखवणारा उसळता ठिपका ठेवला आणि काम जमलं. १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये तो प्रदर्शित झाला.

रोटोस्कोप म्हणजे काय?

मॅक्स फ्लायशर यांचं यंत्र. पेटंट १९१७ मध्ये मिळालं. खऱ्या माणसाचं चित्रीकरण एकेक फ्रेम काचेवर पाडायचं आणि त्यावर कागद ठेवून गिरवायचं. कोको या विदूषकासाठी त्यांचे भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर नाचले. पद्धत सोपी वाटते, पण फ्रेम जशीच्या तशी गिरवली तर पात्र वजन नसल्यासारखं तरंगतं आणि रेघ वळवळते. चांगला चित्रकार त्यातून स्थिती उचलतो आणि त्या थोड्या ताणून घेतो. १९३२ च्या ‘मिनी द मूचर’मध्ये जॅझ गायक कॅब कॅलोवे यांचं नृत्य एका भुताळी वॉलरसला दिलं आहे. या तंत्राचा त्याहून सुंदर वापर त्या काळात क्वचितच सापडेल.

बेटी बूप आधी कुत्री होती का?

होय. १९३० च्या ‘डिझी डिशेस’मध्ये ग्रिम नॅटविक यांनी काढलेल्या गायिकेला कुत्र्याचे लोंबते कान आहेत. पुढे ती पूर्ण बाई झाली आणि १९३२ पर्यंत त्या कानांची जागा गोल कर्णभूषणांनी घेतली. जुलै १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता काटेकोरपणे लागू झाली, मग तिचा झगा लांब झाला आणि ती गृहिणीसारखी वागू लागली. ज्यांना खरी बेटी बघायची आहे त्यांनी १९३२-३३ चे चित्रपट बघावेत. पॉपायची पहिली पडद्यावरची हजेरी १९३३ मध्ये तिच्याच मालिकेत लागली.

लुनी ट्यून्स आणि मेरी मेलडीज यांत फरक काय?

दोन्ही वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओसाठीच्या कार्टूनमालिका. मेरी मेलडीजमध्ये वॉर्नरच्या मालकीचं गाणं वापरण्याची अट होती, आणि त्या १९३४ मध्ये रंगीत झाल्या. लुनी ट्यून्स आणखी काही वर्षं कृष्णधवल राहिल्या. पुढे फरक नावापुरता उरला. बग्ज बनीचा पूर्वज १९३८ मध्ये दिसतो, पण आपण ओळखतो तो ससा टेक्स एव्हरी यांच्या १९४० च्या ‘अ वाइल्ड हेअर’मधला.

टॉम अँड जेरी यात धरायचे का?

सीमेवर. पहिला चित्रपट ‘पस गेट्स द बूट’ १९४० चा, आणि त्यात बोक्याचं नाव जॅस्पर आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या काळात मालिकेला सात ऑस्कर मिळाले. लहानपणी टीव्हीवर बघितलेले काही भाग विचित्र आवाजांचे आणि परके वाटत असतील, तर ते बहुधा १९६१-६२ मध्ये प्राग इथे जीन डाइच यांनी केलेल्या १३ भागांतले.

१९३४-३५ च्या रंगीत कार्टूनमध्ये रंग अपुरे का वाटतात?

टेक्निकलर या रंगीत फिल्मच्या तीन रंगांच्या पद्धतीचा कार्टूनसाठीचा हक्क १९३५ संपेपर्यंत एकट्या डिस्ने यांच्याकडे होता. १९३२ चा ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ त्यातूनच आला. इतरांना दोन रंगांच्या पद्धतीवर भागवावं लागे, म्हणजे एक नारिंगी-लालसर आणि एक निळसर-हिरवा. त्यात शुद्ध पिवळा किंवा जांभळा येत नाही. तो प्रतीचा दोष समजू नका.

यात वर्णद्वेषी चित्रण आहे असं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि बरंच आहे. काळे चेहरे, जाड ओठ, पांढरे हातमोजे घालून गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याच्या रंगमंचीय परंपरेतून अनेक खुणा कार्टूनमध्ये आल्या. वॉर्नरच्या बॉस्कोची नोंदणीच कृष्णवर्णीय मुलगा म्हणून झाली होती. १९६८ मध्ये अशा ११ वॉर्नर चित्रपटांचं टीव्हीवरचं वितरण थांबवलं गेलं. लहान मुलांना हे चित्रपट दाखवण्याआधी आपण एकदा पूर्ण बघून घ्यावेत.

चांगली प्रत कशी ओळखायची? मूक कार्टून फार पळतात, त्याचं काय?

मूक कार्टून बहुतेक वेळा सेकंदाला २४ च्या वेगाने उतरवून ठेवलेली असतात, पण तेव्हा ती साधारण १६ ते २० फ्रेमने दाखवत. प्लेअरचा वेग ०.७५ करा, १८ फ्रेम होतात आणि हालचालीला वजन येतं. नंतर जोडलेलं संगीत बंद करा, नाहीतर तेही संथ होतं.

कृष्णधवल लुनी ट्यून्स, पॉपाय आणि बेटी बूप यांच्या रंगीत आवृत्त्यांपासून सावध राहा. यातल्या पुष्कळशा नंतरच्या दशकांत दक्षिण कोरियात पुन्हा गिरवून काढलेल्या आहेत. तीन गोष्टी तपासा: हालचाल मध्येच उडी मारते का, पार्श्वभूमीतले बारकावे गायब आहेत का, सावल्या नाहीशा झाल्या आहेत का. शीर्षकपट्टीवरचं स्टुडिओचं नाव बदललेलं असेल तर तीही टीव्हीसाठीची प्रत, आणि मूळ शीर्षकं तिथे कापलेली असतात.

अभ्यास करायचा असेल तर यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबा. एक फ्रेम पुढे जाते. स्वल्पविरामाने मागे येते. एक चित्र किती फ्रेम टिकतं ते मोजा. व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर काही फ्रेम दुबार येतात आणि मोजणी चुकते, हे लक्षात ठेवा.

ही पात्रं आपल्या कामात वापरता येतात का?

अमेरिकेत ९५ वर्षांचा नियम लागतो. ‘स्टीमबोट विली’ १ जानेवारी २०२४ पासून आणि ‘डिझी डिशेस’ १ जानेवारी २०२६ पासून तिथे सर्वांसाठी खुले आहेत. पण खुलं होतं ते त्या चित्रपटातलं रूप. नंतरच्या चित्रपटांत आलेला रंग, कपडे, चेहरा यांवरचा हक्क शिल्लक असू शकतो. व्यापारचिन्ह वेगळंच, त्याला अशी मुदत नाही. भारतात चित्रपटाचा हक्क ६० वर्षांचा, मात्र त्यातली चित्रं स्वतंत्र कलाकृती मानली तर कलाकाराच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजतात. टी-शर्ट छापायच्या आधी वकिलाला विचारा.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांना पडद्यावर चालवलं, म्हणजे गर्टीच्या पाठोपाठच. थेट दुवा नंतरचा आहे. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले, आणि त्यातून १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ तयार झाला. पुढे नावाजलेले ॲनिमेटर राम मोहन याच विभागात घडले.

त्या पद्धतीने चालणारं पात्र घरी करून बघता येईल का?

येईल, आणि एका सुटीच्या दिवसात होतं. ए-४ आकाराचे १२ कागद, ऑफिसातलं दोन भोकांचं पंचिंग मशीन, जाड पुठ्ठा, ६ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी काड्या, फोटोफ्रेमची काच आणि फोन एवढं पुरे.

मशीनची भोकं ८ सेंटिमीटर अंतरावर पडतात. काड्यांचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे त्याच अंतरावर पुठ्ठ्यावर चिकटवा. काडी घट्ट बसत असेल तर पॉलिशपेपरने घासा. कागद ओढून बसवावा लागला तर भोक फाटतं, आणि ढिला राहिला तर पात्र थरथरतं. कागद सहज बसून हलायचा थांबला की जमलं. सगळे कागद आडवे धरून खालच्या लांब कडेला, मधोमध भोकं पाडा.

पात्र १२ सेंटिमीटर उंच. आधी चित्र १ आणि ७ काढा: १ मध्ये उजवा पाय पुढे टेकलेला, ७ मध्ये डावा. मग ४ आणि १०, जिथे एक पाय सरळ खाली आणि दुसरा त्याच्याजवळून जातो. उरलेली शेवटी. शरीर २ आणि ८ मध्ये ५ मिलिमीटर खाली, ५ आणि ११ मध्ये ५ मिलिमीटर वर घ्या. हातपाय सारख्या जाडीच्या नळ्या ठेवा आणि त्यांची लांबी दोऱ्याने मोजा, कारण वाकवताना त्या नकळत लांबतात.

फोन स्टँडवर, कॅमेरा खाली कागदाकडे करून, आडवा बसवा आणि फोकस आणि प्रकाश लॉक करा. लॉक केला नाही तर प्रत्येक फोटो वेगळा उजळ येतो. खिडकीचा उजेडही टाळा. ढग आला की चित्र लुकलुकतं. कागदावर काच ठेवा, एकेक फोटो घ्या आणि सेकंदाला १२ च्या वेगाने फिरवत ठेवा. दोन पावलांना एक सेकंद लागतो, म्हणजे मिनिटाला १२० पावलं. मेट्रोनोम त्या आकड्यावर लावला तर पाऊल ठोक्यावर पडतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते टेकलेल्या पायात. पात्र एका जागी चालत असताना जमिनीवरचा पाय दर चित्रात बरोबर १ सेंटिमीटर मागे गेला पाहिजे. १ ते ७ मध्ये ६ सेंटिमीटर. कुठे ८ मिलिमीटर आणि कुठे १२ झाले की पात्र बर्फावर घसरल्यासारखं दिसतं. म्हणून खाली पट्टीने सेंटिमीटरच्या खुणा करून घ्या, आणि मागे पार्श्वभूमी सरकवणार असाल तर तीही दर चित्राला तेवढीच, १ सेंटिमीटर सरकवा.